उत्तर: अग्निसुरक्षा कार्यक्रम – पाहुण्यांना विचारायचे प्रश्न

प्रेषक: माधव

नमस्कार मंडळी,

कार्यकारिणीने पाहुण्यांसाठी प्रश्न मागवलेत, माझे तीन घ्या. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या पॅलिसेड्स भागातले हायड्रंट (आग विझवायचे रस्त्यावरचे नळ) कोरडे का पडले? समोर अख्खा पॅसिफिक पसरलेला असताना पाण्याची बोंब कशी? आणि ऐन गरजेच्या वेळी विमानं जमिनीवर का? पॅलिसेड्स आणि तिथलंच अल्टाडीना, या दोन आगी मिळून १६,००० च्या वर इमारती गेल्या. हायड्रंटना पाणी नव्हतं म्हणून घरं जळली, हे शेंबडं पोरही सांगेल. तज्ज्ञांनी गोल गोल उत्तरं देऊ नयेत, एवढीच अपेक्षा.

माधव

---

प्रेषक: वंदना

> हायड्रंटना पाणी नव्हतं म्हणून घरं जळली

माधवराव, घरं जळत गेली म्हणून हायड्रंटचं पाणी गेलं. मी पाणीपुरवठ्यातच नोकरी करते (त्या शहरात नाही, आधीच सांगते), म्हणून जरा लांबण लावते.

पॅलिसेड्स चढावर आहे. खालच्या मोठ्या जलवाहिनीतून पाणी पंपाने वरच्या तीन टाक्यांत चढवतात, प्रत्येक टाकी साधारण १० लाख गॅलनची. तिथून ते उताराने खाली येतं, त्यातून हायड्रंटला दाब मिळतो. एखादं घर, फार तर दोन-चार घरं पेटली तर हे झकास चालतं. कुठल्याही शहराचं जाळं तेवढ्याच हिशेबाने बांधलेलं असतं. ७ तारखेला मागणी नेहमीच्या चौपट झाली आणि सलग १५ तास तशीच राहिली. पहिली टाकी दुपारी पावणेपाचला संपली, दुसरी रात्री साडेआठला, तिसरी पहाटे तीनला. खालून पंप चालू होते, पण वाटेतलेच बंब पाणी ओढत होते, ते वर पोचणार कसं?

आता यातली कुणाच्या लक्षात न येणारी गोष्ट. घर जळून कोसळलं की आतले नळ फुटतात, पण रस्त्यावरून येणारी जोडणी चालूच राहते. व्हॉल्व्ह बंद करायला तिथे कोण थांबलंय? राखेच्या ढिगाऱ्यात पाणी धो धो वाहतं. अशी शेकडो भोकं पडल्यावर दाब राहील कुठून?

सांता इनेझ जलाशय, ११ कोटी ७० लाख गॅलनचा, आच्छादनाच्या दुरुस्तीसाठी रिकामा होता. त्याबद्दलचा राग रास्तच आहे, खुशाल विचारा. तो भरलेला असता तर काही भागांत दाब जास्त वेळ टिकला असता. पण त्या वाऱ्यात फवाऱ्याचं पाणी घरापर्यंत पोचण्याआधीच उडून जातं. बंबाच्या स्वतःच्या टाकीत साधारण ५०० गॅलन असतात, ते काही मिनिटांचे धनी. शिवाय चार घरांमागे एक बंब, असं जगात कुठेही नाही.

विमानांचंही तेच. वारा जोरात असला की वरून टाकलेलं पाणी भलतीकडेच जातं आणि वैमानिकाचा जीव धोक्यात येतो. म्हणून त्या संध्याकाळी उड्डाणं थांबली, वारा पडल्यावर पुन्हा सुरू झाली. मुळात विमानातलं पाणी झाडोऱ्यातली आग मंदावण्यासाठी असतं. छपराखाली पेटलेला पोटमाळा त्याने विझत नाही. आणि समुद्राचं पाणी वापरलंच की! क्वेबेकहून आलेली सुपर स्कूपर विमानं लाटांवरून घसटत एका दमात सुमारे १,६०० गॅलन उचलत होती. त्यातल्या एकाच्या पंखाला ९ तारखेला कुणा हौशी माणसाच्या ड्रोनने भोक पाडलं. तुमच्या यादीत हा प्रश्नही हवा. खारं पाणी पंप आणि नळ्या खातं, त्यामुळे हायड्रंटच्या जाळ्यात ते सोडत नाहीत.

वंदना

---

प्रेषक: श्रीकांत

वंदनाताई,

आम्ही अल्टाडीनाच्या कडेला राहतो. आमचं घर वाचलं, पलीकडच्या गल्लीत पाच घरांची फक्त धुराडी उभी होती. डोक्यातून जात नाही ते हे की त्या घरांमधली झाडं हिरवी होती. लिंबाला लिंबं तशीच. मग आग आली कुठून?

दुसरं म्हणजे, आमच्या शेजारचे गृहस्थ पाइप घेऊन छपरावर चढले होते, खाली उतरवता उतरवता नाकी नऊ आले. जाताना स्प्रिंकलर चालू ठेवावेत का? सगळे ठेवतात.

श्रीकांत

---

प्रेषक: वंदना

श्रीकांत, तुझ्या लिंबांत अर्धं उत्तर आहे. आपल्या डोळ्यांसमोर ज्वाळांची भिंत असते, ती डोंगरावरून चालत येते आणि बंबांची रांग तिला अडवते. वाऱ्याच्या आगीत निखारे पुढे येतात, कधी मैलभर आधी. वळचणीखालच्या झरोक्यातून एक निखारा पोटमाळ्यात शिरला की घर आतून पेटतं, बाहेरच्या ओल्या पानाला धगही लागत नाही. मग ते जळतं घर शेजारच्याला पेटवतं. कॅलिफोर्नियातल्या पॅराडाइज गावातही २०१८ च्या आगीत हेच दिसलं, जळालेल्या घरांभोवती उभी झाडं. आणि ‘आम्ही जंगलाजवळ नाही’ म्हणणाऱ्यांनी कोलोराडोची मार्शल आग आठवावी. ३० डिसेंबर २०२१, ऐन हिवाळा, जळायला नुसतं वाळलेलं गवत, आणि एका दिवसात हजारावर घरं खलास.

स्प्रिंकलर बंद करून निघायचं. ‘सगळे ठेवतात’ हाच त्यातला घोळ आहे, तो दाब बंबांच्या वाट्यातून जातो. छपरावर तर चढूच नये. घराला वाचवणारी कामं वारा नसलेल्या दिवसांतली आहेत: झरोक्यांना एक अष्टमांश इंच किंवा त्याहून बारीक धातूची जाळी, पन्हळीतला पालापाचोळा काढणं, भिंतीपासून पाच फुटांत जळेल असं काही नको. पायपुसणं, लाकडी ओंडके, लाकडाच्या भुशाचा थर, सगळं त्या पाच फुटांबाहेर.

निघायचं मात्र घर सोडण्याच्या आदेशाची वाट न बघता. अल्टाडीनात लेक अव्हेन्यूच्या पश्चिमेला आदेश पहाटे तीननंतर गेला आणि त्या आगीतले जवळजवळ सगळे मृत्यू त्याच बाजूचे. पॅलिसेड्सला लोक गाड्या रस्त्यात सोडून पळाले. बुलडोझरने त्या गाड्या बाजूला ढकलल्यावर बंब आत गेले.

वंदना

ता. क. माधवराव, चौथा प्रश्न माझ्याकडून. पॅलिसेड्सची आग १ जानेवारीच्या छोट्या आगीचाच अवशेष होती, असं संघीय तपासात पुढे आलंय. ती विझवली असं सगळे समजले, पण जमिनीखाली मुळांत धुमसत राहिली. विझलेल्या जागेवर किती दिवस नजर ठेवतात, हे विचारा. माझ्या मते जलाशयापेक्षा हा प्रश्न मोठा आहे.

---

प्रेषक: माधव

वंदनाताई, जलाशयाचा प्रश्न मी सोडणार नाही, वर्षभर रिकामा ठेवतात म्हणजे काय! पण समुद्र आणि विमानं यादीतून काढली, ड्रोन आणि मुळांचा घातला.

एक घरगुती अडचण. आमचं लाकडी कुंपण थेट बेडरूमच्या भिंतीला येऊन टेकतं, आणि ते शेजाऱ्याच्या मालकीचं. तो ते काढू देणार नाही. मग त्या पाच फुटांचं काय करू?

माधव

---

प्रेषक: वंदना

अख्खं काढायची गरज नाही. भिंतीला टेकणारा पाच फुटांचा तुकडा तेवढा धातूचा करून घ्या, खर्च मी करतो असं त्याला सांगा, बहुधा हरकत घेणार नाही. फाटक तिथेच असेल तर तेही धातूचंच घ्या. आणि त्या कुंपणाच्या बुडाशी साठलेली पानं आत्ताच झाडून टाका, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

वंदना