४४ किलो उतरलो, पण पोटाची कातडी लोंबतेय. अजून बारीक झालो तर ती बसेल का?

धोटा

वय ३४, उंची ५ फूट ८ इंच. इचलकरंजीत आमचे यंत्रमाग आहेत. जानेवारी २०२३ मध्ये मी १२१ किलो होतो. साखर काठावर आली, डॉक्टरांनी गोळीचं नाव काढलं आणि त्याच संध्याकाळी चालायला लागलो. पहिले तीन महिने नुसतं चालणं. मग रात्रीचा भात बंद, चहातली साखर बंद, मग जिम. आता ७७ किलो आहे. गेले चार महिने काटा तिथंच आहे.

साखर नॉर्मल झाली, गुडघे दुखायचे थांबले, जिना चढताना धाप लागत नाही. यातलं काही मला परत द्यायचं नाही, हे आधी सांगतो. पण शर्ट काढला की बेंबीच्या खाली पोट ओघळतं. खाली बसलो की घडी मांडीवर टेकते. कारखान्यात पत्र्याखाली दिवसभर घाम येतो, तो त्या घडीत साचतो, आतून लाल होतं आणि खाज सुटते. मेडिकलमधून एक ट्यूब आणून लावतो, चार दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच.

मुलगा सहा वर्षांचा आहे. गेल्या मे महिन्यात सासुरवाडीला विहिरीवर त्याला पोहायला शिकवायचं ठरलं होतं. मी बनियन घालूनच उतरलो. पाण्यात बनियन फुगून गळ्यापर्यंत वर आलं. काठावर सगळी पोरं बसलेली. एका हातानं पोराला धरतोय आणि एका हातानं बनियन खाली ओढतोय, असं दोन मिनिटं केलं आणि बाहेर आलो. मेहुण्यानं त्याला शिकवलं. ते मला अजून लागतं.

ट्रेनर म्हणतो ६८ वर ये, सगळं आत बसेल. बायको म्हणते गालफडं बसलीत, आता बास करा. कुणाचं ऐकू? यातून जे गेलेत त्यांनीच सांगा.

लाल_माती

भावा, ४४ किलो म्हणजे खायचं काम नाही. आधी त्याबद्दल शाबासकी.

माझं मत ट्रेनरच्या बाजूनं. तालमीत बघतो ना, बारीक आणि कसलेल्या पोरांची कातडी कशी अंगाला चिकटलेली असते. चरबी जाऊ दे, सपाट्या-बैठका वाढव, कातडी आपोआप बसेल. खोबरेल तेलानं रोज मालिश कर. घाई नको, पण थांबूही नको.

खडूफळा

धोटा, तुमची विहिरीची गोष्ट दोनदा वाचली. मी साताऱ्याची, शिक्षिका, वय ४६. माझंही वजन १०४ होतं, उंची ५ फूट ५. दोन बाळंतपणं, त्यात दोन्ही वेळा वाढलेलं वजन कधी उतरलंच नाही. अडतिसाव्या वर्षी सुरुवात केली आणि अडीच वर्षांत ६५ वर आले. त्यामुळे हा प्रश्न मी स्वतःच्या अंगावर सोडवलेला आहे.

लाल_माती, तालमीतल्या पोरांची कातडी कधी ताणलीच गेलेली नसते हो. धोटांचं पोट कित्येक वर्षं ताणलेलं होतं. कातडीला लवचीकपणा देणारे इलॅस्टिनचे धागे असतात, ते एकदा तुटले की मोठ्या वयात फारसे नव्यानं तयार होत नाहीत. कातडीला बळकटी देणारं कोलॅजेन तयार होतं, पण हळूहळू. किती वर्षं जाडी होती, किती किलो होती, वय काय, आईवडिलांकडून कातडी कशी मिळाली, सिगरेट-तंबाखू आहे का, ऊन किती लागतं, या सगळ्यावर ते ठरतं. तेलानं कातडी मऊ राहते, खाज कमी होते. आखडत नाही. मी वर्षभर बदामाचं तेल लावलं होतं, म्हणून सांगते.

आता मुख्य मुद्दा. ज्याला आपण लोंबणारी कातडी म्हणतो, त्यात बऱ्याचदा नुसती कातडी नसते. आत चरबी उरलेली असते आणि तिच्या वजनानं कातडी खाली ओढली जाते. ही चरबी आधीसारखी घट्ट नसते, पिळपिळीत असते, म्हणून हाताला कातडीच वाटते. मला हे एका फिजिओथेरपिस्ट मुलीनं दाखवलं. आरशासमोर उभ्या राहा, थोडं पुढे वाका आणि बेंबीच्या खाली चिमटीत घडी धरा, म्हणाली. मग तशीच घडी तळहाताच्या मागच्या बाजूला धरून बघा. हातावरची घडी कागदासारखी पातळ लागते. पोटाची घडी तशीच पातळ लागली, आणि दुधावरची साय चमच्यानं ढकलल्यावर पडतात तशा बारीक सुरकुत्या पडल्या, तर ती कातडी. दोन बोटांमध्ये जाड, गुबगुबीत काही आलं तर आत अजून चरबी आहे.

माझी बेंबीच्या वरची घडी पातळ होती आणि खालची चांगली दीड इंच जाड. दंडाची पातळ. म्हणजे एकाच अंगावर तीन ठिकाणी तीन उत्तरं. बारीक होऊन फायदा फक्त जाड घडीचा होतो. पातळ घडीतून काढायला उरलेलंच काय असतं?

मला हे तेव्हा कुणी समजावलं नव्हतं. मी ६५ वरून हट्टानं ५८ वर गेले. ओटीपोट खरंच कमी झालं, साडीच्या निऱ्या सपाट बसायला लागल्या. पण दंड आणि मांडीची आतली बाजू आणखी लोंबली, चेहरा ओढल्यासारखा झाला, केस मूठमूठ गळायला लागले आणि पाळी दोन महिने चुकली. कारण मी नुसती चरबी घालवत नव्हते, स्नायूही घालवत होते. जेवण पोळी, भाजी, ताक एवढंच. तुमच्या बायकोला गालफडं दिसतायत ना, तर त्यांचं म्हणणं सोडून देऊ नका.

मग उलटी वाट धरली. वजन ६३ पर्यंत वाढू दिलं, पण आठवड्यात तीन दिवस डंबेल आणि ताटात प्रथिनं. मी अंडं खाते, मांस नाही. दोन अंडी म्हणजे साधारण १२ ग्रॅम, ५० ग्रॅम सोया चंक्स २६, १०० ग्रॅम पनीर १८, ५० ग्रॅम कोरड्या मुगाची उसळ १२ आणि दूध-दह्यातून १२. ऐंशी झाले. खांद्याचा आणि दंडाचा स्नायू भरला तशी तिथली कातडी थोडी भरून निघाली. पूर्ण नाही. ५८ किलोला जे दंड होते त्यापेक्षा ६३ किलोचे नक्की बरे दिसतात.

म्हणून काट्यावर ६८ हा आकडा धरून बसू नका. पुण्याच्या के.ई.एम. हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. काट्याला दोघं सारखे, आतून दुपटीचा फरक. आपल्या लोकांत स्नायू कमी आणि चरबी जास्त हे असं दडून बसतं. तुम्ही उपाशी राहून ६८ वर गेलात तर तोच प्रकार होईल.

आणखी एक. एका क्लिनिकमध्ये मी मशीननं कातडी घट्ट करण्याचं पॅकेज घेतलं होतं. सहा बैठका, ४८ हजार रुपये. आधीचे आणि नंतरचे फोटो शेजारी ठेवले तर मला स्वतःलाच फरक ओळखता आला नाही. ते पैसे माझ्या मुलीच्या क्लासच्या फीचे होते. तुमच्याइतकी कातडी असेल तर अशा पॅकेजवर एक रुपया घालवू नका.

चिमटीत काय येतं ते आधी सांगा.

धोटा

ताई, एवढं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं. काल रात्री बसून बघितलं. कारखान्यातली सूत मोजायची पट्टी घेतली. बेंबीच्या वर घडी अगदी पातळ, तुमची साय म्हणता तशीच. बेंबीच्या खाली दोन इंचांवर धरली तर जवळजवळ चार सेंटिमीटर. छातीची मधली. कंबर, घडी उचलून धरून, ९६ सेंटिमीटर.

प्रथिनं मोजली तर दिवसाला ४५-५० च्या वर जात नाहीत. मटण रविवारी, बाकी दिवस भाकरी-आमटी. आणि एक खरं सांगतो, तंबाखूचा मावा खातो. दिवसाला तीन-चार पुड्या. ऑपरेशन हाच शेवटचा उपाय असेल तर त्याबद्दलही कुणी सांगा.

निशिगंध

मी प्लास्टिक सर्जरी विभागात नर्स आहे, अकरा वर्षं झाली. आधी ती ट्यूब. मेडिकलवाल्यानं दिलेल्या बऱ्याच मलमांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. म्हणून चार दिवस बरं वाटतं, मग बुरशी आणखी चिवट होऊन पसरते आणि तिथली कातडी पातळ पडते. ट्यूबवरच्या औषधांच्या नावांत क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन दिसलं तर बंद करा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. रोज साबणानं धुऊन घडी पूर्ण कोरडी करा, अगदी पंख्याखाली उभं राहून. कारखान्यात असताना घडीत मऊ सुती कापडाची पट्टी ठेवा आणि ओली झाली की बदला. तुमच्याकडे कापडाला तोटा नाही.

आता ऑपरेशन. दोन प्रकार असतात. एकात फक्त लोंबणारा पदर कापतात. दुसऱ्यात कातडी काढतात, बेंबी नव्या जागी बसवतात आणि पोटाचे सैल झालेले स्नायूही शिवून जवळ आणतात. बाळंतपणानंतर बायकांना या दुसऱ्याची जास्त गरज लागते. टाका एका कमरेच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत जातो आणि तो वण जन्मभर राहतो, फिकट होतो एवढंच. सर्जन आधी विचारतात की वजन किमान सहा महिने स्थिर आहे का. तुमचे चार झालेत. वजन अजून उतरायचं असताना कापलं तर राहिलेली पुन्हा सैल पडते.

माव्याबद्दल स्पष्ट बोलते. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि या ऑपरेशनमध्ये कातडीचा मोठा पट्टा मोजक्याच रक्तपुरवठ्यावर जगवायचा असतो. कडा काळ्या पडून जखम उघडलेले पेशंट मी स्वतः ड्रेसिंग केलेत, दीड-दीड महिना. त्यात सिगरेट न ओढणारे, पण तंबाखू खाणारेही होते. किमान चार आठवडे आधी पूर्ण बंद लागतं. तुम्ही आजच बंद करा, ऑपरेशन होवो न होवो.

हिमोग्लोबिन, रक्तातली प्रथिनं, साखर हे सगळं बघतात. नंतर आत पाणी साचू शकतं म्हणून नळ्या ठेवतात, पायात गाठी होऊ नयेत म्हणून लवकर चालवतात. विमा दिसण्यासाठीच्या सर्जरीला पैसे देत नाही. वैद्यकीय गरज आहे असं डॉक्टरांनी लिहून दिलं तर अर्ज करता येतो, मिळेलच असं मात्र नाही. म्हणून त्वचेच्या डॉक्टरांची प्रत्येक चिठ्ठी आणि लाल झालेल्या जागेचा तारखेसकट फोटो जपून ठेवा.

खडूफळा

निशिगंध सिस्टरांनी लिहिलेलं अक्षरशः खरं. माझं ऑपरेशन चव्वेचाळिसाव्या वर्षी झालं, दिवाळीच्या सुट्टीला जोडून तीन आठवडे रजा टाकली. पहिला आठवडा कमरेत वाकूनच चालत होते, सरळ उभं राहिलं की टाके ओढायचे. पट्टा सहा आठवडे. काढलेल्या भागाचं वजन किती, असं मी विचारलं तर सर्जन म्हणाले, एक किलो चारशे ग्रॅम. एवढंच! इतकी वर्षं मला वाटायचं की पाच-सहा किलो तरी असेल. दंडांना मी हात लावू दिला नाही. तिथला वण कोपरापर्यंत उघडा दिसतो, आणि मला ते नको होतं.

धोटा, तुमची खालची घडी चार सेंटिमीटर आहे. म्हणजे तिथं चरबी आहे आणि पुरुषांची ओटीपोटाचीच सगळ्यात शेवटी जाते. त्यामुळे तुमचा ट्रेनर अर्धा बरोबर आहे. अजून थोडी चरबी गेली तर खालचा भाग हलका होईल आणि घडी मांडीवरून उचलली जाईल. वरची पातळ कातडी मात्र ६८ वर गेलात तरी तशीच राहणार. काटा आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा जास्त हलू देऊ नका, प्रथिनं शंभरच्या आसपास न्या. महिन्यातून एकदा तीच पट्टी, तीच जागा, सकाळी उठल्यावर. घडी पातळ होत असेल तर चालू ठेवा. वजन उतरतंय आणि घडी तेवढीच आहे, असं दोन महिने झालं तर थांबा. आपल्या माणसांत पुरुषाची कंबर ९० च्या आत हवी म्हणतात, ते साखरेसाठीही बरं. कातडीला वेळ द्या. माझी वजन थांबल्यावर दीड वर्ष थोडीथोडी बदलत होती.

आणि बनियनऐवजी लांब बाह्यांचा, अंगाला घट्ट बसणारा पोहण्याचा शर्ट मिळतो. तो पाण्यात फुगत नाही. मी आमच्या शाळेच्या सहलीला तोच घालून मुलींबरोबर पाण्यात उतरते.

धोटा

ताई, सिस्टर, दोघींचे आभार. ट्यूबवर क्लोबेटासोलच लिहिलंय. कचऱ्यात टाकली, सोमवारी त्वचेच्या डॉक्टरांचा नंबर लावलाय. मावा कालपासून नाही, डोकं दुखतंय. बायकोनं सोया चंक्स आणून ठेवलेत आणि कारखान्यात कापडाच्या पट्ट्या कापून ठेवल्यात.

तो शर्ट पोरासाठी आणि माझ्यासाठी असे दोन सांगितलेत. त्याला आता पोहता येतं, पण विहिरीत सूर मारायला अजून कुणी शिकवलं नाही.