लुआंग प्रबांग सायकलवरून बघायचं आहे – मदत हवी आहे

सदाफुली :
नमस्कार मंडळी,
जानेवारीत बाबांबरोबर लाओसला जातेय. व्हिएनतियानहून नव्या रेल्वेने (२०२१च्या डिसेंबरात सुरू झालेली, पुढे चीनला जाते ती) लुआंग प्रबांगला उतरायचं आणि गावात शक्यतो सायकलवरच फिरायचं, असा बेत आहे. बाबांनी सत्तरी ओलांडली आहे, पण रोज सायकल चालवतात आणि अधूनमधून पर्वती चढतात. त्यांचे गुडघे माझ्यापेक्षा बरे आहेत!

नकाशात पाहिलं तर मेकाँग आणि नाम खान या दोन नद्यांच्या बेचक्यात जुनं गाव आहे आणि बहुतेक नावाजलेली देवळं तिथेच आहेत. बाबांना वाट शियेंग थोंग (तिकडे 'वाट' म्हणजे देऊळ) नीट वेळ घेऊन बघायचंय. शिवाय त्यांनी कुठेतरी वाचलंय की तिथे रामायण कोरलेलं आहे. हे खरं का? आणि एवढ्या देवळांपैकी कुठली चुकवू नयेत? दिवसभर देवळंच बघितली तर मला सगळी सारखी दिसायला लागतात, हेही सांगून ठेवते.

क्वांग सी धबधब्यापर्यंत (एका बाजूने साधारण ३० किमी) सायकलने जायचा हट्ट बाबांनी धरलाय. जमेल का? पहाटेच्या भिक्खूंच्या भिक्षाफेरीला सायकल घेऊन गेलं तर चालतं का? आणि आम्ही दोघं शाकाहारी. अंडं चालतं, मासे अजिबात नाही.

पायडलवीर :
सदाफुली, आधी धबधब्याचं. बाबांना माझा नमस्कार सांगा आणि हट्ट सोडायला लावा. रस्ता चढउताराचा आहे. गेस्टहाउसवाले भाड्याने देतात त्या पुढे टोपली लावलेल्या, बिनगिअरच्या सायकली. गावात त्या झकास, तिथल्या चढांवर मात्र दम काढतात. गिअरची सायकल मिळाली तरी जाऊनयेऊन ६० किमी होतात आणि वर पोचल्यावर धबधब्यात उतरायचं त्राण उरत नाही. तिथे टुकटुक किंवा मिनीव्हॅनने जा, अर्धा दिवस पुरतो.

पाय मोकळे करायचेच असतील तर नाम खानवरच्या जुन्या लोखंडी पुलावरून पलीकडे जा. त्यावर मोटारी नाहीत, फक्त दुचाक्या आणि पायी माणसं. पूल ओलांडून डावीकडे वळलात की थोड्या अंतरावर बान शांग खोंग लागतं. तिथे तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून हातकागद करतात, मागावर विणतातही. कोरड्या दिवसांत नदीवर बांबूचा पूलही बांधतात, दरवर्षी नवा. थोडे पैसे घेतात. तो पायीच ओलांडावा.

दुसरा चांगला फेरा बान फानोमचा, म्हणजे विणकरांच्या गावाचा. त्याच्या पुढे नाम खानच्या काठावर आंरी मुओची कबर आहे. कंबोडियातल्या अंगकोरच्या देवळांची कीर्ती युरोपात पसरवणारा हा फ्रेंच निसर्गअभ्यासक १८६१मध्ये इथेच तापाने गेला. झाडीत कबर, बाकी काही नाही, पण मला तो रस्ताच फार आवडला. मळलेली वाट सोडून रानात मात्र शिरू नका. लाओसमध्ये अमेरिकेने टाकलेले न फुटलेले बॉम्ब अजून सापडतात. गावाच्या आसपास घाबरण्यासारखं काही नाही, पण सवय ठेवलेली बरी. आणि तिकडे वाहतूक उजवीकडून असते! चौकात आपली मान आपोआप चुकीकडे वळते.

शेवंती :
रामायण आहे, बाबांचं बरोबर आहे. शियेंग थोंगच्या आवारात राजाचा अंत्ययात्रेचा रथ ठेवलेली इमारत आहे, तिच्या दर्शनी भागावर सोनेरी कोरीवकामात प्रसंग आहेत. लाओ रामायणाचं नाव फ्रा लाक फ्रा लाम, म्हणजे लक्ष्मण आधी आणि राम नंतर. मुख्य मंदिर सेत्थाथिरात राजाने १५६०च्या सुमारास बांधलं. १८८७च्या हल्ल्यात बरंचसं गाव जळलं, त्यातून हे वाचलं. मागच्या भिंतीवर काचेच्या तुकड्यांचं मोठं झाड आहे, ते उन्हात बघा. जानेवारीत सकाळी उशिरापर्यंत धुकं असतं, म्हणून दहानंतरच जा.

सगळी सारखी दिसू नयेत यासाठी मी तीनच सांगेन. शियेंग थोंग. मग वाट विसून (मूळ १५१३चं, त्याच हल्ल्यात जळल्यावर पुन्हा उभारलेलं), त्याच्यासमोरचा गोल स्तूप बघायलाच हवा, लोक त्याला कलिंगडाचा स्तूप म्हणतात. आणि तिसरं मेकाँगपलीकडचं वाट लोंग खून. फेरीबोटीत सायकल चढवता येते. राज्याभिषेकाआधी राजे तिथे जाऊन राहत. पर्यटक फारसे नसतात, म्हणून मला शियेंग थोंगइतकंच प्रिय. राजवाड्याचं संग्रहालय दुपारी जेवणाच्या वेळेत बंद असतं, आत फोटो काढू देत नाहीत. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, त्यामुळे सायकलच्या अर्ध्या चड्डीवर एक लुंगी किंवा सिन (लाओ बायका नेसतात तो लांब घागरा) गुंडाळायला जवळ ठेवा. फूसी टेकडीच्या पायऱ्या पर्वतीच्या तिप्पट, पण चढ बेताचा. सूर्यास्ताला वर झुंबड असते, सकाळी चढा.

भिक्षाफेरीला (ताक बात म्हणतात) सायकल लांब लावून चालत जा. रांगेच्या बाजूने सायकल दामटणं वाईट दिसतं. रस्त्याच्या पलीकडे, गप्प, फ्लॅश बंद. बायकांनी भिक्खूंना स्पर्श करायचा नसतो. श्रद्धा असेल तरच भात वाढा, नाहीतर नुसतं बघितलेलं चांगलं. मुख्य रस्त्यावर फार गर्दी, आतल्या गल्ल्यांत शांतपणे बघता येतं.

सदाफुली :
दोघांनाही मनापासून धन्यवाद. क्वांग सी टुकटुकने, बाबा कुरकुरत तयार झाले. लोंग खूनचं तर डोक्यातच नव्हतं. खाण्याचं कोणी सांगेल का?

शेवंती :
अगं, विसरलेच. आंबवलेल्या माशांचं पाडेक पुष्कळ पदार्थांत असतं, पालेभाजीतही, म्हणून फक्त "मांस नको" सांगून भागत नाही, माशाचं वेगळं सांगावं लागतं. चिकट भात सगळीकडे मिळतो. खाय पेन, म्हणजे नदीतल्या शेवाळाचे तीळ लावून तळलेले पापड, जरूर खा. त्याबरोबरच्या मिरचीच्या चटणीत म्हशीचं कातडं असतं, ती नको. रात्रीच्या बाजारालगतच्या खाऊगल्लीत शाकाहारी थाळ्यांचे गाडे असतात. संध्याकाळी बाजाराचा रस्ता वाहनांना बंद होतो, सायकल हातात धरूनसुद्धा जाता येत नाही इतकी गर्दी. खोलीवर ठेवूनच या.