मदत हवी आहे: आनुवंशिकतेच्या प्रयोगासाठी कोकणात काय निवडू?
नमस्कार मंडळी. मी गुहागर तालुक्यात विज्ञान शिकवते. दहावीच्या मुलांकडून आनुवंशिकतेचा प्रयोग खरोखर करून घ्यायचाय, नुसते फळ्यावरचे चौकोन भरून नाही.

आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलला वाटाणा सोयीचा पडला: स्वपरागण होतं, लक्षणं ठळक वेगळी, पिढी एका हंगामात हाती. आमच्या उकाड्यात वाटाणा धड येत नाही. हापूस तर बादच. फळाला वर्षं लागतात आणि कलम म्हणजे मूळ झाडाचीच नक्कल.

भात कापल्यावर इथे चवळी होतेच, तीही स्वपरागणाची. पण संकर करताना स्वपरागण टाळायला कळीतले पुंकेसर कधी काढायचे, आदल्या संध्याकाळी की पहाटे? वेगवेगळ्या रंगाच्या बियांचे शुद्ध वाण कुठे मिळतील?

गुलबक्षीचा मला फार मोह होतोय. लाल-पांढऱ्याच्या संकरातून गुलाबी, पुढच्या पिढीत लाल, गुलाबी, पांढरी १:२:१ प्रमाणात. मुलांना डोळ्यांनी दिसेल. मात्र निखळ पांढऱ्या फुलाचं बी हवंय.

पिकल्या केळ्यावरची चिलटं, म्हणजे ड्रोसोफिला, २५ अंशांना साधारण १० दिवसांत पिढी पुरी करतात. आंब्यात अळी घालणारी फळमाशी ती वेगळी. इथल्या एप्रिल-मेमध्ये एसीशिवाय कुणी चिलटं बाटल्यांत वाढवली आहेत का? कशी, ते सविस्तर सांगा.