चांद्रयानाला ४० दिवस का लागले
काका, तुम्ही विचारलंय की १९६९ ला अपोलो ११ चार दिवसांत चंद्रावर उतरलं, मग चांद्रयान ३ ला ४० दिवस का. इथे इंदूरला रामबागेतल्या आमच्या ग्रुपवर पण हाच वाद झाला होता आणि आपण मागे पडलो असं म्हणणारे बरेच निघाले, मला ते अजिबात पटत नाही. अपोलोचं रॉकेट सॅटर्न ५ उड्डाणाच्या वेळी २९०० टनांच्या आसपास आणि चांद्रयानाचं आपलं रॉकेट एलव्हीएम३ साधारण ६४० टन, एवढ्या इंधनात यान एका दमात चंद्राकडे फेकता येत नाही हो. म्हणून ते आधी पृथ्वीभोवती लांबट कक्षेत सोडलं, जवळचं टोक १७० किमी आणि लांबचं ३६,५०० किमी, आणि यान पृथ्वीच्या जवळ आलं की तेवढ्यापुरतं इंजिन चालवायचं, कारण तिथे वेग सगळ्यात जास्त असतो आणि तेवढ्याच इंधनात ऊर्जा जास्त मिळते, झोका खाली आला की रेटा देतो ना तसं. असं पाचदा करून लांबचं टोक सव्वा लाख किमीपुढे नेलं, मग १ ऑगस्टला चंद्राकडे वळवलं. किती सुंदर हिशोब आहे हा! अर्थात आत माणसं असती तर हा रस्ता परवडला नसता, हवा-पाणी जास्त दिवसांचं न्यावं लागतं आणि प्रत्येक फेरीत व्हॅन अॅलन पट्ट्यांचं, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या वेगवान कणांच्या पट्ट्यांचं, रेडिएशन झेलावं लागतं.