'सँक्शन' म्हणजे मंजुरी की शिक्षा? मराठीत हा शब्द ठेवावा का?

निळी_शाई
मी इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते. माझं मत असं की मराठी मजकुरात 'सँक्शन' लिहूच नये. मंजुरी असेल तिथे मंजुरी लिहावं, निर्बंध असतील तिथे निर्बंध.

मागे एका वित्तीय संस्थेच्या अर्जाचा मराठी मसुदा तपासायला आला होता. मूळ प्रश्न होता, 'सँक्शन्ड व्यक्तीशी तुमचा व्यवहार आहे का?' म्हणजे आंतरराष्ट्रीय निर्बंधांच्या यादीत ज्याचं नाव आहे, अशा माणसाशी. मसुद्यात लिहिलं होतं 'मंजुरीप्राप्त व्यक्तीशी'. सरळमार्गी माणूस हे वाचून बिनदिक्कत 'होय'वर खूण करेल आणि नाहक चौकशीत अडकेल. अनुवादकाला तरी काय बोल लावणार? 'कर्ज सँक्शन झालं', 'रजा सँक्शन झाली' एवढंच आपल्या कानावर असतं. शब्द उसना घेताना त्याचा अर्धाच अर्थ आपल्याकडे आला.

कलमवाचक
अजिबात पटलं नाही. संदर्भ न बघता अनुवाद केला, तर त्यात शब्दाचा काय दोष?

आणि हे दोन अर्थ योगायोगाने एकत्र आलेले नाहीत. मूळ लॅटिन क्रियापद 'सान्किरे', म्हणजे एखादी गोष्ट पवित्र, अनुल्लंघनीय ठरवणं. रोमन सम्राट जस्टिनियनच्या 533 सालच्या 'इन्स्टिट्यूट्स' या कायद्याच्या पाठ्यपुस्तकात याचा फार सुंदर खुलासा आहे. नगराच्या भिंती आणि वेशी पवित्र का? तर त्यांना उपद्रव देणाऱ्याला देहदंड आहे म्हणून. आणि त्याच कारणाने कायद्याच्या ज्या भागात शिक्षा सांगितलेली असते, त्याला 'सान्क्तिओ' म्हणतात. मान्यता आणि धाक तिथे एकाच शब्दात नांदतात. तुम्ही त्यांची फारकत करायला निघालात.

आपल्याकडे नाही का असे शब्द? नारळ 'वाढवतो' तेव्हा आपण तो फोडतो. 'परवा' तर मागेही जातो आणि पुढेही. कोणाचं अडलं?

निळी_शाई
'परवा' माझ्याच बाजूने साक्ष देतो! 'परवा गेलो', 'परवा जाईन'. क्रियापदाने काळ सांगितला की गोंधळ संपला. 'सँक्शन्ड'ला तशी सोय नाही. 'स्टेट-सँक्शन्ड हिंसा' म्हणजे राज्यसत्तेची संमती असलेली हिंसा, आणि 'सँक्शन्ड बँक' म्हणजे निर्बंध लादलेली बँक. रचना तीच, अर्थ उलटा. जस्टिनियनचा खुलासा सुंदर आहे, मान्य, पण अर्ज भरणाऱ्याला व्युत्पत्ती कोण सांगत बसणार?

मथळेकर
बातम्यांचा अनुवाद करताना मी काही खुणा बघतो. अनेकवचनी 'सँक्शन्स' असेल आणि पुढे 'ऑन' किंवा 'अगेन्स्ट' असेल, तर निर्बंध. 'अनसँक्शन्ड' म्हणजे विनापरवानगी. क्रियापद जुन्या लेखनात असेल तर बहुधा मंजुरीच, कारण 'शिक्षा करणे' या अर्थाचं क्रियापद विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास रुळलं. नाम मात्र आधीपासून होतं. 1935 मध्ये इटलीने ॲबिसिनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर, आक्रमण केलं, तेव्हा राष्ट्रसंघाने (लीग ऑफ नेशन्सने) लादलेली ती 'सँक्शन्स'च. (त्यातून तेल वगळलं होतं. युद्ध ज्यावर चालतं तेच मोकळं सोडल्यावर मुसोलिनी कशाला थांबतो!)

पण यातली मुख्य खूणच मराठीत पुसली जाते. आपण अनेकवचनाचा 'स' सहसा घेत नाही. 'रशियावर सँक्शन' असं लिहिलं की इंग्रजी वाचकाला मिळणारा आधार मराठी वाचकाला मिळत नाही. म्हणून देशांच्या बाबतीत मी निळी_शाई यांच्या बाजूने. असे निर्बंध ज्याच्या आधारे लादले जातात त्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या कलम 41 मध्येही 'सँक्शन' हा शब्द नाही, तिथे 'उपाय' आहेत. कर्जाचं 'सँक्शन' मात्र बोलण्यात पक्कं रुजलंय, ते उपटायचा खटाटोप कशाला?

कलमवाचक
देशांपुरतं 'निर्बंध' लिहा, हरकत नाही. माझा आक्षेप 'लिहूच नये' याला आहे. इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमने 1789 मध्ये सँक्शनचे चार प्रकार सांगितले: भौतिक, राजकीय, नैतिक आणि धार्मिक. माणसाच्या वागण्याला वळण लावणारं सुख-दुःख कुठून येतं, त्यावरून ही विभागणी. इथे मंजुरीही चालत नाही आणि निर्बंधही. 'मॉरल सँक्शन'ला काय लिहाल?

निळी_शाई
लोकलाज. जनाची नाही तर मनाची म्हणतो ना आपण, त्यातली जनाची. बेंथम नैतिक प्रकाराला 'लोकांचं' असंही म्हणतो, तेव्हा हा शब्द चपखल आहे. 'नैतिक सँक्शन' वाचून 'नैतिक मंजुरी' असा भलता अर्थ लागण्यापेक्षा शतपटीने बरा.

कलमवाचक
लोकलाजेत फक्त भीती येते. बेंथमच्या हिशेबात शेजाऱ्यांनी पाठ फिरवली हे जसं सँक्शन, तसंच त्यांनी आपण होऊन मदत केली हेही सँक्शन. लोकलाज लिहिलंत की त्यातली शाबासकी गेली आणि फक्त धाक उरला. म्हणून अशा ठिकाणी मी 'सँक्शन' तसाच ठेवून पहिल्या उल्लेखाला दोन ओळींत अर्थ सांगेन.

मथळेकर
पुस्तकात दोन ओळी मिळतात, मथळ्यात नाही मिळत. तिथे मी 'निर्बंध'च लिहिणार.