स्वस्तातली रॅम किती पळवलीत? अनुभव सांगा

सातारा-सांगलीकडच्या मंडळींसाठी हा धागा. झगमगत्या दिव्यांच्या महागड्या रॅमचे पराक्रम नकोत. हिरव्या पट्टीची, सगळ्यात स्वस्त म्हणून घेतलेली डीडीआर४ रॅम ठरलेल्या वेगाच्या पुढे कितीवर नेलीत (२६६६, ३२०० हे वेगाचे आकडे) आणि ती खरंच टिकली हे कशावरून ठरवलंत, ते लिहा. ‘माझी ३६०० ला चालते’ एवढं टाकून पळायचं नाही.

माझ्यापासूनच सुरुवात. साताऱ्यात आहे. रायझेन ३ ३२००जी, ए३२० बोर्ड, ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या, २६६६ च्या. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, म्हणजे गेमचं चित्रही याच रॅमच्या जिवावर. म्हणून हा उपद्व्याप. थेट ३२०० ठेवलं तर बोर्ड तीनदा चालू-बंद होऊन मुकाट २६६६ वर परत. मग १.२ व्होल्टचे १.३५ केले आणि सीएल हे टायमिंग (मागितलेला डेटा मिळायला लागणारे ठोके) १९ चं २० केलं, तेव्हा विंडोज उघडलं. (आकडा वाढला म्हणून बिचकू नका. २६६६ ला १९ म्हणजे १४.२५ नॅनोसेकंद, ३२०० ला २० म्हणजे १२.५.) रात्रभर मेमटेस्ट८६ या रॅम तपासायच्या सॉफ्टवेअरचे चार फेरे, एकही एरर नाही. सकाळी कंदी पेढे वाटायचे तेवढे राहिले होते! आठवड्याभरात झिप फायली उघडताना सीआरसी एरर (फाइलीतला डेटा बिघडल्याची खूण) यायला लागल्या. टेस्टमेम५ ही दुसरी चाचणी लावली, विसाव्या मिनिटाला एरर. आता ३०६६ वर आहे. तीन रात्री स्वच्छ गेल्या, पण पेढ्यांचं नाव काढलेलं नाही.

विश्रामबाग, सांगली
दादा, तुम्ही टेस्ट रात्री घेतली, तीही गारव्याला. माझी चूक हीच. जानेवारीत ३६०० पक्कं झालं म्हणून नाचलो. एप्रिलात दुपारी, पत्र्याखालच्या खोलीत, विंडोज कोसळल्याचा निळा पडदा. रोज दोन ते चारच्या दरम्यान, वेळ लावल्यासारखा! व्होल्टेज वाढवून बघितलं, उलट जास्तच. कारण नंतर कळलं. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे चिमुकला कपॅसिटर, त्यातला चार्ज सतत गळतो, म्हणून तो ठरावीक वेळाने पुन्हा भरावा लागतो. तापलं की गळती वाढते. आणि मी शहाण्याने टीआरईएफआय (दोन भरण्यांमधलं अंतर) ६५५३५ करून ते भरणंच लांबवलं होतं. तो एक आकडा ऑटोवर टाकला, बाकी कशाला हात लावला नाही. मे महिना निघाला. आता टेस्ट भर दुपारी, पंखा बंद करून.

कराड
आमचं प्रकरण दोन ओळींचं. आय५ १०४००, एच४१० बोर्ड. ३२०० ची रॅम आणली, चालते २६६६ लाच. पूर्ण शनिवार बायोसमध्ये सेटिंग शोधण्यात घालवला. या चिपसेटवर ते मिळतच नाही. शेवटी एकाच्या दोन पट्ट्या करून ड्युअल चॅनल (दोन्ही पट्ट्यांशी एकाच वेळी देवाणघेवाण) केलं, फरक त्यानेच पडला.

मिरज
लग्नाचे फोटो-अल्बम करतो. ३४०० ला दोन महिने एकदाही हँग नाही, म्हणून टेस्ट घेतलीच नाही. एका लग्नाचे फोटो कार्डावरून हार्डडिस्कवर घेतले, कार्ड फॉरमॅट केलं. रात्री उघडून बघतो तर सात फोटो नवरीच्या डोळ्यांखालून राखाडी. कॉपी करताना डेटा रॅममधूनच जातो, तिथे एक बिट उलटला की पुढची जेपीईजी कामातून गेली. एरर नाही, पडदा नाही, काही नाही. त्यातला एक मंगळसूत्राचा होता. नवरीच्या वडिलांसमोर काय ‘टायमिंग’ सांगणार?
आता २६६६ आणि कार्ड अल्बम पोचेपर्यंत कपाटात.

सातारा (धागाकर्ता)
मिरजवाले, तुमचं वाचून उठलो आणि आधी घरच्या फोटोंचा बॅकअप तपासला. आमच्या सीआरसीच्या आठवड्यात कॉपी केलेले दोन फोल्डर आहेत. एकेक उघडून बघतोय.