ना धड इकडे ना धड तिकडे, हा मधला काळ कसा काढायचा? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

लिहू की नको असं बरेच दिवस चाललंय, आज लिहूनच टाकते. लांबलंय, सांभाळून घ्या.

वय ३९. बारा वर्षांची नोकरी मी स्वतःहून सोडली, त्याचा पश्चात्ताप वगैरे अजून तरी नाही. लहान मुलांना शिकवायचंय म्हणून एका कोर्सला अर्ज केलाय, त्याचा निकाल लागायचाय. त्यात नवऱ्याची बदली होणार होणार असं सहा महिने ऐकतोय, ऑर्डर काही येत नाही. बदली झाली तर मला ॲडमिशन मिळून उपयोग नाही, ॲडमिशन मिळाली तर बदलीला हो म्हणायचं का, आणि मुलीच्या शाळेचं काय, म्हणजे एका गाठीत दुसरी गाठ. कुठलंच टोक माझ्या हातात नाही.

आता खरा प्रॉब्लेम. दिवसभर मेल बघते. एकदा मोजलं तर दुपारपर्यंतच ३१ वेळा. शिवाय बहीण, दोन मैत्रिणी, जुनी कलीग, सगळ्यांना तेच विचारून झालंय, "तुला काय वाटतं, होईल ना गं?" त्या होईल म्हणाल्या की दहा मिनिटं बरं वाटतं, मग परत पोटात खड्डा. रात्री वहीत "असं झालं तर तसं" लिहीत बसते, परवा १४ शक्यता झाल्या आणि चौदावीत आम्ही तिघंही वेगवेगळ्या गावांत राहत होतो. हसू नका.

आणि एक विचित्र गोष्ट, जिच्यामुळे हा धागा काढला. मागच्या महिन्यात दुसऱ्या एका ठिकाणाहून स्पष्ट नकार आला. वाईट वाटायला हवं ना? त्या रात्री मी कित्येक आठवड्यांनी गाढ झोपले. नकार आल्यावर झोप लागते म्हणजे माझं नक्की काय बिघडलंय?

"पॉझिटिव्ह विचार कर" प्लीज कुणी सांगू नका, ते सांगणारे घरी भरपूर आहेत. निकाल लागेपर्यंतचे दिवस नुसते ढकलायचे नाहीत, नीट जगायचेत, ते कसं एवढंच विचारायचंय.

रात्रपाळी:
काही बिघडलेलं नाही. २०१६ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. ४५ जणांना कॉम्प्युटरवर दगड दाखवायचे, खाली साप आहे का ते ओळखायचं, साप निघाला की हाताला चांगला दुखेल असा शॉक. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्यांवरून ताण मोजला. तर शॉक बसणारच हे पक्कं माहीत असताना ताण कमी, आणि बसेल की नाही हे निम्मं-निम्मं असताना सगळ्यात जास्त. तुमच्या नकाराच्या रात्रीचं हेच झालं, एका दगडाखालचा साप दिसला. बाकीचे दगड आहेत तिथेच आहेत म्हणून पोटातला खड्डाही आहे.

सरळसोट:
ताई, थोडं कडू बोलतो. लोकांना विचारणं आधी थांबवा. घटस्फोटाची केस चालू होती तेव्हा मी वकिलाला दिवसाआड फोन करायचो, शेवटी तो उचलेनासा झाला, त्याचंही बरोबरच होतं. त्यांना तुमच्यापेक्षा जास्त काहीच माहीत नसतं हो! दहा मिनिटं बरं वाटतं हीच गोम आहे, डोक्याला सवय लागते की बेचैनी आली की विचार, बरं वाटेल. मेलचंही तेच. मानसशास्त्रवाले याला 'अनिश्चितता सहन न होणं' असंच म्हणतात, १९९४ मध्ये ते मोजायला २७ वाक्यांची प्रश्नावलीसुद्धा आली. म्हणजे एकट्या तुमचं नाही हे.

मी काय केलं: मेल फक्त सकाळी ११ आणि संध्याकाळी ५. मधे हात शिवशिवला तर शिवशिवू द्यायचा. पहिले चार दिवस भयंकर गेले, खोटं कशाला सांगू. पाचव्या दिवशी ११ चं विसरलो.

कोपऱ्यातला बाक:
वही बंद करू नका, पण रात्री नको. ठरलेली वेळ, ठरलेली जागा, अर्धा तास, तेवढ्यातच काय ती काळजी. इतर वेळी विचार आला तर एक शब्द टिपून ठेवायचा, "नंतर बघू". ही युक्ती जुनी आहे, १९८३ च्या एका अभ्यासात काळजीखोर लोकांवर करून बघितली होती आणि त्यांची काळजी कमी झाली होती. माझ्या बाबतीत गंमत अशी की साडेपाचला बाकावर जाऊन बसायचो तर निम्म्या शब्दांचा अर्थच लागायचा नाही.

आणि वहीत एक वेगळं पान करा: निकाल काहीही लागो, जे करायचंच आहे ते. मुलांना शिकवायला कोर्सचा कागद येईपर्यंत थांबायलाच हवं का?

झोप अशीच उडालेली राहिली, जेवण जाईना, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. ते धाग्यावर सुटणारं नाही.

धागाकर्ती (१२ दिवसांनी):
सगळ्यांचे आभार. निकाल नाही. ऑर्डर नाही. सगळं जिथल्या तिथे.

मेलचं ११ आणि ५ जमतंय, म्हणजे साधारण, दोनदा चोरून बघितलं. साप-दगडवालं वाचून सगळ्यात हलकं वाटलं, का ते सांगता येत नाही, आता पोटात खड्डा पडला की "दगड" म्हणते आणि कामाला लागते. अर्ध्या तासाची वही मात्र मला जमली नाही, घड्याळ लावून काळजी करायला बसलं की हसूच येतं. वेगळ्या पानाचा उपयोग झाला. शेजारच्या दोन मुलांना आठवड्यातून तीनदा वाचायला शिकवतेय, त्यातला धाकटा 'ळ' ला घाबरतो, त्याच्यामागे तास कसा जातो कळत नाही.

विचारणंही बंद केलंय. बहिणीने परवा स्वतःहून फोन करून विचारलं, बरी आहेस ना, तीन दिवस काही विचारलं नाहीस.

नवीन अडचण अशी की मी शांत झाले तसा नवरा सुरू झालाय. काल रात्री साडेअकराला, "तुला काय वाटतं, येईल ना ऑर्डर?" त्याला काय सांगू?